जे पाणी समुद्राला जात नाही



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथे फैजपुरात जमतो, त्यांनी आयुष्यभर या भागातल्या शेतीची आणि पाण्याची काळजी वाहिली. त्यामुळे आज पाण्यावर बोलायचे हे ठरलेलेच होते. फक्त मी ज्या पाण्याविषयी बोलणार आहे, ते तुमच्या बागेत येत नाही आणि समुद्रालाही जात नाही. असे पाणी कुठे असते, तिथे काय घडते, आणि त्याचा फैजपूरच्या केळीशी काय संबंध आहे, एवढेच मला आज सांगायचे आहे.

सातपुड्याच्या दक्षिण उतारावर पडलेला पाऊस सुकी, मोर अशा नद्यांतून तापीला मिळतो. बैतुल जिल्ह्यातल्या मुलताईपासून निघालेली तापी ७२४ किलोमीटर चालून सुरतेच्या खाली खंभातच्या आखातात उतरते. समोर अजिंठ्याचा डोंगर ओलांडला की पाण्याची दिशा बदलते. त्या पलीकडच्या उतारावरचा पाऊस गोदावरीच्या खोऱ्यात जातो आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळतो. आपल्याला हे दोनच मुक्काम माहीत असतात. पण इथून सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आसपास, बुलढाणा जिल्ह्यात, तिसऱ्या प्रकारचे एक ठिकाण आहे. तिथे पडलेला थेंब यातल्या कुठल्याच समुद्रापर्यंत पोचत नाही. ते ठिकाण म्हणजे लोणार.

पृथ्वीवरच्या जमिनीचा जवळजवळ पाचवा हिस्सा अशा बंद खोऱ्यांत मोडतो. कॅस्पियन समुद्र आपण समुद्र म्हणतो, पण तो जमिनीने वेढलेला तलाव आहे आणि त्याची पातळी महासागराच्या पातळीपेक्षा सुमारे २८ मीटर खाली आहे. मृत समुद्र तर चारशे मीटरहून अधिक खाली आहे. आपल्या देशात राजस्थानातले सांभर आणि लडाखमधले पँगाँग ही नावे तुम्ही ऐकली असतील. या सगळ्या ठिकाणी पाण्याचा जमाखर्च एकाच पद्धतीने चालतो. जमेच्या बाजूला पाऊस, ओढे, झरे असे अनेक रकाने असतात, पण खर्चाच्या बाजूला बाष्पीभवन हा एकच मोठा रकाना असतो. वाफ होऊन जे जाते ते निव्वळ पाणी. पाण्याबरोबर आलेला क्षार शिल्लक म्हणून पुढच्या वर्षाच्या खात्यात ओढला जातो. पुढच्या वर्षी त्यात भर पडते, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. असे हजारो वर्षे चालले की गोड्या ओढ्यांचे खारे तळे होते.

क्षार येतो कुठून, हा प्रश्न शाळेतल्या मुलांनी मला अनेकदा विचारला आहे. तो खडकातून येतो. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल बनते आणि दगडाला हळूहळू विरघळवते. नदीचे पाणी जिभेला गोड लागले तरी त्यात सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट असतेच. समुद्राच्या एका लिटरमध्ये सरासरी ३५ ग्रॅम क्षार आहेत, तेही बहुतांशी नद्यांनीच युगानुयुगे वाहून नेलेले. म्हणजे नदी जमिनीचा क्षार उचलून समुद्रात नेऊन टाकते. हे तिचे काम आपल्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आपण ते मोजत नाही.

आता लोणारकडे वळू. काळ्या पाषाणाच्या सपाट पठारावर अचानक एक वर्तुळाकार खड्डा लागतो. काठाकाठाचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, खोली सुमारे दीडशे मीटर, आणि तळाशी हिरवट पाणी. सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ साली त्याची नोंद केली म्हणून पुस्तकांत त्याला शोधाचे श्रेय दिले जाते. पण अकबराच्या काळातल्या ऐन-ए-अकबरीतही लोणारचा उल्लेख आहे. इथे काच आणि साबण करायला लागणारा माल मिळतो, असे त्या ग्रंथाचा कर्ता अबुल फजल लिहितो. त्याहूनही कितीतरी आधी गावातले दैत्यसूदनाचे देऊळ उभे राहिले. लोणासुर नावाचा दैत्य या विवरात राहत होता आणि विष्णूने त्याचा वध केला, ही कथा तिथल्या लहान मुलालाही ठाऊक असते. खाऱ्या पाण्याच्या खड्ड्याकडे पाहून इथे काहीतरी भयंकर घडले असावे, हे त्या लोकांनी ओळखले होते. मला त्यांच्या नजरेविषयी फार आदर वाटतो.

कारण भयंकर घडलेच होते. दीडशे वर्षे विद्वान या खड्ड्याला ज्वालामुखीचे मुख समजत राहिले. अमेरिकन भूशास्त्रज्ञ गिल्बर्ट यांनी १८९६ मध्येच ॲरिझोनातल्या विवराशी त्याचे साम्य नोंदले होते. १९७३ साली अमेरिकी आणि भारतीय शास्त्रज्ञांनी मिळून 'सायन्स' या नियतकालिकात पुरावा मांडला. विवरात खोदून काढलेल्या दगडांत धक्क्याने काचेसारखी झालेली खनिजे सापडली होती, आणि तसा धक्का उल्केच्या आघाताशिवाय बसत नाही. बेसाल्ट खडकात इतके चांगले टिकून राहिलेले उल्काविवर पृथ्वीवर फार दुर्मीळ. चंद्रावरची अनेक विवरे अशाच खडकात आहेत, म्हणून चंद्राचा अभ्यास करणारेही लोणारला येतात. वय मात्र अजून वादाचे आहे. एका पद्धतीने ते सुमारे ५० हजार वर्षे येते, तर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पद्धतीच्या मोजणीने सुमारे ५ लाख ७० हजार.

त्या आघाताने एक खोरे तयार झाले. पठारावरचे चहूकडचे पाणी गोदावरीच्या दिशेने निघून जाते, पण कड्याच्या आत पडलेला पाऊस तळ्यातच येतो. कड्याच्या पोटातून झरेही वाहतात. धारेचा झरा बारमाही आहे आणि त्याचे पाणी चक्क गोडे आहे. यात्रेकरू तिथे स्नान करतात, ते पाणी पितात, आणि तेच पाणी काही अंतर उतरून तळ्याला मिळाले की पिण्यालायक राहत नाही. सीतान्हाणी या दुसऱ्या झऱ्यालाही गोडेच पाणी. बंद खोऱ्याचा सगळा धडा त्या थोड्या उतारात समोर दिसतो.

तरी लोणार हे सांभरसारखे निव्वळ मिठाचे तळे नाही. साधे मीठ त्यात भरपूर आहे, पण त्याची खरी ओळख सोडा ही आहे. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.१च्या आसपास असतो, लोणारचा साडेनऊ-दहापर्यंत जातो. याचे कारण आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात आहे. बेसाल्टमधून झिरपलेल्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असते. पाणी आटू लागले की प्रथम कॅल्शियम आणि कार्बोनेट एकत्र येऊन चुनखडीच्या रूपाने तळाशी बसतात. इथे कॅल्शियम आधी संपते आणि कार्बोनेट उरते. ते सोडियमशी जोडी जमवते आणि पाणी अल्कधर्मी होते. कॅल्शियम जास्त असते तर गोष्ट उलटी झाली असती आणि जिप्सम बनून वेगळेच तळे तयार झाले असते. सुरुवातीच्या थोड्याशा फरकाने हजारो वर्षांनंतरचे पाणी ठरते.

या सोड्यावर एक व्यवसाय उभा होता. उन्हाळ्यात पाणी मागे सरले की काठावर खार जमे आणि मजूर तो गोळा करत. दल्ला, निमक-दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी त्याच्या प्रतींची नावे जुन्या गॅझेटियरमध्ये दिली आहेत. कुठला खार कपडा रंगवायला, कुठला साबणाला, कुठला बांगडीच्या काचेला, हे हातात घेऊन सांगणारी माणसे होती. कारखान्यात तयार होणारा सोडा स्वस्तात मिळू लागल्यावर हा उद्योग मोडला. त्या माणसांचे ज्ञान कुणी सविस्तर लिहून ठेवले नाही, याची मला आजही हळहळ वाटते. रसायनशास्त्राची पदवी नसताना ते एकाच तळ्यातले पाच क्षार वेगळे ओळखत होते.

तळे आणखी एक काम करत होते, ज्याची कुणालाच कल्पना नव्हती. जिथून काही बाहेर जात नाही तिथे गाळही थरावर थर साठत जातो. शास्त्रज्ञांनी तळाच्या गाळाचा सुमारे दहा मीटर लांबीचा गाभा काढला. त्यात गेल्या अकरा हजार वर्षांच्या पावसाची नोंद मिळाली. काही थरांत गेलुसाइट या खनिजाचे स्फटिक होते, आणि ते पाणी फार आटून अतिशय खारे झाल्याशिवाय बनत नाही. त्यावरून मान्सून दीर्घकाळ दुबळा राहिलेले दोन कालखंड ठरवता आले. पहिला सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा सुमारे २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. पहिल्या कोरड्या पर्वाच्या अखेरीच्या सुमारास आपल्या तापीकाठी सावळदा, प्रकाशे इथे ताम्रपाषाणयुगातले शेतकरी राहत होते. त्यांचा पाऊसकाळ कसा होता, याची साक्ष शेकडो मैलांच्या परिसरात या एका तळ्यानेच इतकी नीट जपली आहे. वाहत्या नदीला हे जमत नाही.

जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले, ते तुम्ही सगळ्यांनी पाहिले असेल. कडक उन्हाळ्यात पातळी घटली, क्षारता वाढली, आणि खाऱ्या पाण्यातच फोफावणाऱ्या आद्यजीवाणूंनी आपले रंगद्रव्य पाण्यात उतरवले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तसा निष्कर्ष काढला. त्याच वर्षी लोणारला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. त्या वेळी सगळे लोक रंगाकडे पाहत होते. मला मात्र त्यानंतर जे घडले ते जास्त गंभीर वाटते. अलीकडच्या वर्षांत पाणी वर चढून तळ्याकाठच्या कमळजा देवीच्या देवळापर्यंत आले आणि तळ्यात मासे दिसल्याच्या बातम्या आल्या. मासे दिसले म्हणून आनंद मानणारेही भेटले. पण ज्या सूक्ष्म जीवांसाठी, ज्या हिरव्या स्पिरुलिनासाठी हे तळे जगात नाव राखून आहे, ते खारटपणावर जगतात. गोडे पाणी वाढणे हे या तळ्याचे आरोग्य नव्हे. आणि गावाचे सांडपाणी तिथे उतरले तर त्यातला साबण, त्यातले नत्र, स्फुरद कायमचे तिथेच राहणार. दुसऱ्या गावाचे सांडपाणी निदान पुढच्या गावाला त्रास देत पुढे सरकते, लोणारचे कुठेच सरकत नाही.

इथपर्यंत ऐकून कुणी म्हणेल, लोणार दूर राहिले, आमची तापी तर वाहती आहे. म्हणून आता थोडे जवळ येतो.

मुक्ताईनगरजवळ चांगदेवला तापीला पूर्णा मिळते. या पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांत शेकडो गावांचा खारपाणपट्टा पसरला आहे. विहीर खणली तर पाणी लागते, पण ते पिता येत नाही आणि त्यावर बागायत होत नाही. रब्बीचा हरभरा जमिनीतल्या ओलीवर घ्यायचा, एवढाच आधार. ती दरी भूगर्भातल्या भेगांच्या काठी खचत गेली, तिच्यात शेकडो मीटर बारीक चिकण गाळ भरला, आणि त्या गाळात अडकलेल्या पाण्याला बाहेर पडायला नीट वाटच राहिली नाही. पूर्णा समुद्राकडे जाते, पण तिच्या काठची जमीन आतल्या आत कोंडलेली आहे. म्हणून खोरे बंद आहे की उघडे, हे नकाशावर नदीची रेघ पाहून ठरत नाही. क्षाराला वाट आहे का, हे पाहावे लागते.

या पट्ट्याचा एक मोठा क्षण आपल्या इतिहासात आहे. १९३० साली देशभर मिठाचा सत्याग्रह सुरू झाला, पण विदर्भाला समुद्रकिनारा नाही. अकोला जिल्ह्यातल्या दहिहंड्याला खाऱ्या विहिरी होत्या. सत्याग्रहींनी त्या विहिरींचे पाणी वापरून मीठ केले आणि कायदा मोडला. त्यानंतर सहा वर्षांनी, डिसेंबर १९३६ मध्ये, याच फैजपुरात खेड्यात भरलेले पहिले काँग्रेस अधिवेशन झाले. जे पाणी पिण्याच्या आणि पिकाच्या कामाचे नव्हते, ते स्वातंत्र्याच्या कामी आले, ही गोष्ट या गावात सांगताना मला भरून येते.

आता बागेत जाऊ. केळीला ठिबक बसवलेले प्रत्येक घर जाणते की काही महिन्यांत ड्रिपरच्या तोंडावर पांढरा थर धरतो, नळ्या चोंदतात आणि आम्ल सोडून त्या धुवाव्या लागतात. तो थर बहुधा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. म्हणजे लोणारच्या तळ्यात जी पहिली पायरी हजारो वर्षांपूर्वी घडली, तीच आपल्या नळीच्या टोकाशी रोज घडते आहे. जमिनीत पाणी सोडल्यावर पुढची पायरी सुरू होते. केळीचे झाड पाणी शोषते आणि पानांतून वाफ सोडते, क्षार बहुतांश मुळांपाशी सोडून देते. ठिबकच्या ओल्या गोलाच्या कडेला तो जमत जातो.

किती जमतो, याचा हिशोब साधा आहे. समजा विहिरीच्या पाण्यात लिटरमागे अर्धा ग्रॅम क्षार आहे. असे पाणी कुणी खारे म्हणत नाही. एका हेक्टरला वर्षभरात एक मीटर उंचीचे पाणी दिले, तर ते एक कोटी लिटर झाले. त्यातून जमिनीवर आलेला क्षार पन्नास क्विंटल होतो. वर पोटॅशची खते आहेत. त्यातले बहुतेक पोटॅशियम क्लोराइड आहे, आणि केळी हे क्लोराइडला नाजूक असलेले पीक आहे. हा पन्नास क्विंटल माल दरवर्षी कोण उचलतो? चांगला पावसाळा उचलतो. तो मुळांच्या थरातून क्षार धुऊन खाली नेतो, भूजलात मिसळतो, आणि भूजल नदीत उतरून त्याला तापीतून समुद्राकडे नेते.

ही साखळी इथे कमकुवत होत चालली आहे, हे माझे म्हणणे आहे. सातपुड्याच्या पायथ्याला दगडगोट्यांचा जो पाझरणारा पट्टा आहे, त्यात सुकी, मोर यांचे पाणी जिरते, आणि त्याच साठ्यावर आपली बागायत उभी राहिली. तो साठा आपण इतका उपसला की यावल-रावेर भागातली पाण्याची पातळी खोल खोल गेली. पातळी नदीच्या खाली गेली की भूजलातून नदीकडे जाणारा प्रवाह थांबतो. मग विहिरीतून काढलेले पाणी बागेत, बागेतून उरलेला खारट अंश परत त्याच विहिरीत, असा फेरा सुरू होतो. डोंगर आडवा आलेला नसतो, उल्का पडलेली नसते, तरी खोरे बंद होते. उपशाने.

जगात हे मोठ्या प्रमाणावर घडून गेले आहे, आणि तेही कापसासाठी, जो आपल्या खानदेशचाही जीव आहे. मध्य आशियातला अरल समुद्र १९६० साली सुमारे ६८ हजार चौरस किलोमीटरचा होता. आमू दर्या आणि सिर दर्या या त्याच्या दोन नद्यांचे पाणी कापसाच्या शेतांकडे वळवले गेले. काही दशकांत समुद्र तुकड्यातुकड्यांत आटला, मुयनाक या बंदरातली मासेमारीची जहाजे वाळूत रुतून राहिली, आणि उघड्या तळावरचा मीठ व कीटकनाशकांचा धुरळा वाऱ्याबरोबर गावांवर येऊ लागला. ही गोष्ट पुष्कळांनी ऐकली असेल. शेतांचे काय झाले हे मात्र कमी सांगितले जाते. तिथल्या शेतकऱ्याला पेरणीपूर्वी शेतात पाणी भरून क्षार धुवावा लागतो. कापूस पिकवण्याआधी केवळ जमीन धुण्यासाठी इतके मोलाचे पाणी खर्च होते. उत्तरेकडच्या भागात २००५ साली कोकअरल धरण पूर्ण झाले, तिथे पाणी परतले आणि मासेही परतले. दक्षिणेकडचा भाग गेला तो गेलाच. आपल्याकडे सांगली-कोल्हापूर भागात उसाला अति पाणी देऊन क्षारपड झालेल्या जमिनींत आता शेतकरी खर्च करून जमिनीखाली निचऱ्याचे सच्छिद्र पाइप घालत आहेत. म्हणजे क्षाराला वाट काढून देण्यासाठी पैसे मोजत आहेत.

आपल्या भागात एक वाक्य सर्रास बोलले जाते: तापीचे पाणी समुद्राला वाया जाते. सभांत बोलले जाते, पारावर बोलले जाते, मीही ऐकत मोठा झालो. पाणी अडवायला माझा विरोध नाही. १० मे २०२५ रोजी भोपाळमध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी तापी महापुनर्भरण योजनेचा करार केला, तो सातपुड्याच्या पायथ्यासाठी आशेचा आहे. पुराचे पाणी दगडगोट्यांच्या पट्ट्यात जिरवले तर पातळी वर येईल आणि नदीकडचा प्रवाह पुन्हा सुरू होऊ शकेल. पण त्या वाढलेल्या पाण्यावर आपण आणखी बागा लावल्या आणि तेही पाणी पानांतून उडवून टाकले, तर भरलेला साठा पुन्हा रिकामा होईल आणि क्षार पूर्वीपेक्षा जास्त उरेल. नदीतून समुद्राकडे जाणाऱ्या पाण्याचा एक भाग क्षाराच्या वाहतुकीचा आहे. तो कुणी वाया घालवलेला नाही. त्याचा वाटा योजनेत आधीच धरला पाहिजे, आणि तो मागणारे पहिले लोक केळी पिकवणारे असले पाहिजेत, कारण नुकसान आधी त्यांचेच होणार आहे.

मागण्याआधी आपल्याजवळ आकडे हवेत. माती-पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे त्यातल्या क्षाराचे माप, मोजून मिळते, त्याला फार खर्च येत नाही. ती ०.७५ डेसीसायमन प्रति मीटरच्या खाली असेल तर सहसा काळजी नाही. ती २.२५च्या वर गेली तर ते पाणी केळीला देऊ नये. मधल्या पट्ट्यात असेल तर निचरा कसा आहे ते पाहावे लागते. दरवर्षी दोनदा मोजा, एकदा मे महिन्यात पाणी सर्वांत खोल गेलेले असताना आणि एकदा दसऱ्याच्या सुमारास पावसाने भर घातल्यावर. त्याच दिवशी विहिरीची पातळी दोरी सोडून मोजा आणि दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहा. पावसाळ्यानंतरचा वाहकतेचा आकडा मे महिन्यापेक्षा स्पष्ट खाली आला, तर पावसाने धुलाई केली असे समजा. वाहकतेचे हे दोन्ही आकडे वर्षामागून वर्षे एकमेकांइतकेच राहिले किंवा चढत गेले, तर तुमच्या शिवाराखालचे खोरे बंद होऊ लागले आहे. एका विहिरीच्या वहीवरून काही ठरत नाही. एका गावात वीस-पंचवीस शेतकऱ्यांनी, आणि सुकीच्या उगमाच्या बाजूपासून तापीकाठापर्यंत ओळीने दहा-बारा गावांनी अशा वह्या ठेवल्या, तर पाच वर्षांत क्षार कुठे अडतो आणि कुठून निघून जातो हे दिसू लागेल. महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी हे काम अंगावर घ्यावे. पहिली मोजणी येत्या मे महिन्यात करता येईल.